मक्याचा पोंगा उघडून पाहा

मका अजून गुडघ्याला लागला नाही तोच पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसू लागली आहे. पेरणी, खते, अंतर तुम्हाला पाठ आहे, त्यावर लिहीत नाही. अमेरिकन लष्करी अळीचे बोलू.

मका मूळचा मेक्सिकोचा, अळीही अमेरिका खंडातलीच. पीक शतकांपूर्वी आले. अळी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात पोचली. मेक्सिकोतला शेतकरी पूर्वापार मक्यात घेवडा आणि भोपळा लावत आला. आपण कोंबडीखाद्याचा भाव बघून खरीप, रब्बी, उन्हाळी असा मक्यावर मका घेतो. या अळीला सुप्तावस्था नसते. तिला बारमाही पान आपणच पुरवतो. मक्यात तूर, उडीद, मूग घ्या, हे किती वेळा सांगायचे?

कन्नड तालुक्यातला एक प्लॉट आठवतो. भर दुपारी एकाच पंपात तीन कीटकनाशके, वर टॉनिक आणि धुण्याची पावडर. पाने करपली. अळ्या पोंग्यात, विष्ठेच्या थराखाली, जिवंत. शेजारच्या बांधापलीकडे मात्र रोज सकाळी अंडीपुंज चिरडले जात होते. तो मका वाचला. मादी एका पुंजात शंभर-दोनशे अंडी घालून केसांनी झाकते. एक पुंज चिरडला की तेवढ्या अळ्या संपल्या, तेही फुकटात. दुकानदाराच्या ‘जालीम डोस’वर पैसे उधळणे आता थांबवा.

डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असले की तीच अळी. पाने खरवडलेली दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पानांना छिद्रे पडू लागली तर १० लिटर पाण्यात इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी ४ ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ एससी ४ मिली, दोन्हींपैकी एकच. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा, नोझल थेट पोंग्यावर धरा, आणि पुढच्या वेळी औषध बदला. तुरा आल्यावर रसायन नको, अळ्या हाताने वेचा.

चाऱ्याच्या मक्यावर रसायन मारलेच, तर त्यानंतर तीस दिवस तो जनावरांपुढे टाकू नका.