टोळ : घरचा आणि परका



टोळ म्हटले की वाळवंटातून येणारी धाड डोळ्यांपुढे येते. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात आली ती हीच. पण ज्याला शास्त्रज्ञ ‘मुंबई टोळ’ म्हणतात तो पाहुणा नव्हे, आपल्याच सह्याद्रीच्या रानातला आहे.

१९०१ ते १९०८ या काळात त्याने मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला. लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाचा त्यावरचा अहवाल १९०६ सालचा. थवे हिवाळाभर घाटातल्या झाडीत बसत, उन्हाळ्यात बाहेर पडत आणि पाऊस लागला की गवताळ जमिनीत अंडी घालीत. वर्षाला पिढी एकच. पुढे तेवढी धाड आली नाही, म्हणून आपण त्याला विसरलो.

थायलंडचे शेतकरी मात्र विसरलेले नाहीत. तिथेही हा किडा रानात गुमान राहत होता. १९६० नंतर जंगल तोडून मका लावला गेला. मका म्हणजे शेवटी गवतच, टोळाला आयते ताट वाढले! विमानाने औषध मारूनही तो आवरेना. तेव्हा १९७८ ते १९८१ मध्ये टोळ तळून खा, असा प्रचार झाला. हसू नका, आज तिथल्या बाजारात तळलेला टोळ पैसे मोजून घेतात.

आपला ऊसही गवताच्याच कुळातला. ज्यांचे फड घाटाच्या पायथ्याला, पड गवताळ रानाला लागून आहेत, त्यांनी ध्यानात ठेवावे. मादी जमिनीत एका जागी शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्ले पावसाळ्यात गवतावर वाढतात. पंख फुटले की मग धावून उपयोग नाही. म्हणून ऑगस्टमध्ये बांधाच्या कडेने एक फेरी माराच. मोठा टोळ बोटाएवढा, तपकिरी. पाठीवर डोक्यापासून मिटल्या पंखांपर्यंत फिकट पिवळा पट्टा. पिल्ले हिरवट, नाकतोड्यासारखीच दिसतात, तिथे आम्हीही फसतो. शंका आली तर दोन-चार बाटलीत घालून गट ऑफिसात आणून द्या.

कडेच्या चार सऱ्यांची पाने कुरतडलेली दिसली म्हणून अख्ख्या फडावर औषध मारू नका. मित्रकिडे मरतात नि खर्च वाया जातो. आणि कुणाच्या माळ्यावर बी.एच.सी. पावडरचे जुने पोते असेल तर ते बाहेर काढू नका. त्या पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे.