समोरासमोरची दोन पाने

एखादे मासिक मधेच कुठेतरी उघडा. तुमच्यासमोर एकदम दोन पाने येतात. डावीकडे सम क्रमांकाचे, उजवीकडे विषम क्रमांकाचे. मांडणी करणारा कलाकार पुष्कळदा ही दोन्ही मिळून एकच मोठे पान समजतो. अशा मांडणीला आपण जोडपान म्हणू. संगीताला वाहिलेल्या मासिकांत गायकाचे मोठे छायाचित्र, ठळक मथळा आणि मुलाखत असा सारा थाट जोडपानावर असतो. पण एक जोडपान आपण शेवटपर्यंत वाचतो आणि दुसरे नुसते पाहून उलटतो. असे का होते? उत्तरासाठी प्रथम आपल्या डोळ्याकडे वळू.

डोळा किती पाहतो?

या ओळीतील एका अक्षरावर नजर रोखा. डोळा न हलवता चार-पाच शब्द पलीकडचा मजकूर वाचून पाहा. जमत नाही ना? आपल्या दृष्टिपटलावर पीतबिंदूच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. अगदी स्पष्ट दिसते ते तेथेच, आणि त्याचा आवाका जेमतेम २ अंशांचा. पुस्तक डोळ्यांपासून ४० सेंमी अंतरावर धरले, तर २ अंश म्हणजे कागदावर सुमारे १.४ सेंमी. आता २१ सेंमी रुंदीच्या पानांचे जोडपान घ्या. त्याची रुंदी ४२ सेंमी, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाच्या ३० पट!

म्हणून डोळा पानावरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो. प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो, वाचतो आणि पुन्हा उडी मारतो. पुढची उडी कोठे मारायची हे तो कडेच्या अंधुक दृष्टीने ठरवतो. या अंधुक दृष्टीला बारीक अक्षरे दिसत नाहीत; पण मोठा मथळा, गडद रंग, माणसाचा चेहरा आणि कोरी जागा मात्र कळते. मांडणी म्हणजे या उड्यांसाठी ठेवलेल्या खुणाच होत.

तीन नियतकालिके, तीन तऱ्हा

ब्रिटनमधील ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ हे साप्ताहिक १९५२ साली निघाले. अनेक दशके ते वर्तमानपत्री कागदावर छापले जाई. हा कागद शाई शोषून घेतो. छायाचित्र छापताना त्याचे बारीक ठिपके करतात. ते अशा कागदावर पसरतात. म्हणून येथे ठिपक्यांची जाळी जाड ठेवावी लागते, इंचाला सुमारे ८५ ओळींची. चित्रातील बारकावा हरवतो. साहजिकच अशा कागदावर भर मजकुरावर येतो. मजकूर अरुंद स्तंभांत बसवतात. ओळ आखूड असली की डोळ्याला पुढच्या ओळीचा आरंभ चटकन सापडतो.

१९७८ साली ‘स्मॅश हिट्स’ निघाले. गाण्यांचे शब्द आणि रंगीत छायाचित्रे हे त्याचे मुख्य आकर्षण. गुळगुळीत कागदावर ठिपका पसरत नाही. इंचाला सुमारे १५० ओळींची जाळी चालते आणि चेहरा पानभर छापता येतो. गाण्याच्या ओळी मुळातच आखूड. गाणे ऐकता ऐकता वाचणाऱ्याची नजर चित्राकडे गेली, तरी परत येऊन आपली ओळ शोधणे त्याला कठीण पडत नाही.

तिसरे मासिक अमेरिकेतले. १९९२ साली निघालेल्या ‘रे गन’ची मांडणी आरंभीची काही वर्षे डेव्हिड कार्सन करत. त्यांनी स्तंभ मोडले, ओळी एकमेकींवर चढवल्या. १९९४ साली तर गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्यांनी ती नुसत्या चिन्हांच्या टंकात छापली! अक्षरांच्या जागी तारे, बाण आणि चौकोन. जोडपान लक्षात राहिले. वाचता मात्र कोणालाच येईना. त्याच अंकात शेवटी ती मुलाखत साध्या अक्षरांतही द्यावी लागली. पाहणे आणि वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे याहून चांगले कोण सांगणार?

शिवणीचे कोडे

आता कागदाचे चार ताव एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानांची वही झाली. पानांना क्रमांक द्या आणि ताव सुटे करा. २ क्रमांकाच्या शेजारी कोणते पान आले? ३ नव्हे, १५! ४ च्या शेजारी १३, ६ च्या शेजारी ११. प्रत्येक वेळी बेरीज १७. फक्त ८ आणि ९ ही मधली पाने खरोखर एकाच तावावर, लगत आहेत. बाकीच्या प्रत्येक जोडपानाचे दोन अर्धे वेगळ्या तावांवर असतात आणि घडी घातल्यावरच एकत्र येतात. घडी केसभर चुकली तरी चित्राची रेघ तुटते. म्हणून जाणता कलाकार गायकाचा डोळा किंवा मथळ्यातील अक्षर शिवणीवर येऊ देत नाही. तेथे पार्श्वभूमी किंवा कोरी जागा ठेवतो. मोठे भित्तिचित्र द्यायचे असेल, तर ते बहुधा मधल्या पानांवरच का असते, हेही आता तुमच्या ध्यानात आले असेल.

तुम्हीच करून पाहा

शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी एकाच लेखाची दोन जोडपाने तयार करा. एकात मजकूर पानभर लांब ओळींत लिहा, चित्र शिवणीवर घ्या. दुसऱ्यात आखूड स्तंभ, एक मोठे चित्र, एक मथळा आणि पुरेसा समास ठेवा. देवनागरीत वर वेलांटी व मात्रा, खाली उकार असतात. म्हणून दोन ओळींत अंतर थोडे अधिक सोडा. मग प्रत्येक जोडपान वेगळ्या मित्राला तीन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, “लेख कशाविषयी होता? वाचायला कोठून सुरुवात करशील?”

एका मित्राच्या उत्तरावर विसंबू नका; निदान दहा जणांना विचारून उत्तरे मांडा. मित्र गोंधळला तर त्याला हसू नका. डोळा आपल्या रीतीनेच उड्या मारणार; पानावर वाट आखून देणे हे काम तुमचे आहे.