दंडावरची चरबी आणि डंबेल्सची भीती

प्रश्न : माझे वय ४२. दंडावर आणि पाठीवर चरबी साठली आहे. रोज हातांचे व्यायाम करूनही ब्लाउज घट्टच होतो. डंबेल्स उचलले तर शरीर पुरुषी दिसेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ज्या भागाला व्यायाम द्यावा तिथलीच चरबी झडते, हा समज चुकीचा आहे. चरबी सगळ्या अंगावरूनच उतरते. आधी कुठली, हे बरेचसे आनुवंशिक असते. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, तिला आहाराची जोड हवी. पुरुषी दिसण्याची भीती तर काढूनच टाका. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन फार कमी असते, त्यामुळे स्नायू तसे फुगत नाहीत; दंड घट्ट आणि रेखीव होतात.

आठवड्यातून दोन-तीनदा, एकाआड एक दिवस, १-२ किलोचे डंबेल्स घ्या, भिंतीला हात टेकून जोर काढा. सोपे वाटू लागले की वजन वाढवा. रोज अर्धा तास भरभर चाला. पोळी-भात थोडा कमी, उसळ, घट्ट वरण, दही, अंडी जास्त; गोड चहा-बिस्किटे मात्र खरोखरच सोडा. उपाशी राहू नका, त्याने स्नायूही झिजतात. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी उत्तम.

खांदा आखडत असेल किंवा रक्तदाब, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच हाताला सूज असल्यास ती चरबी समजू नका, लगेच तपासून घ्या.