गालावरचं शून्य

यवतमाळात लग्नसराई लागली की दारव्हा, नेर, कळंबकडचे रोल एकदमच येऊन पडायचे. प्रत्येक निगेटिव्हची टेस्ट स्ट्रिप काढत बसलं की निम्मा ब्रोमाइड पेपर त्यातच जायचा. एन्लार्जरखाली ठेवायचं मीटर आलं आणि पेपर वाचला. पण मीटरलाही वळण लावावं लागतं.

१. चांगली प्रिंट कशाला म्हणतात हे मीटरला ठाऊक नसतं. आधी स्ट्रिपा काढून एक निगेटिव्ह मनासारखी छापा, समजा १२ सेकंदांत. मग काही न हलवता, पेपरच्या जागी नवरीचा गाल जिथं पडतो तिथं मीटरचा सेल ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पुढच्या निगेटिव्हलाही सेल गालावरच ठेवायचा, लेन्सची रिंग फिरवायची. काटा शून्यावर आला की तेच १२ सेकंद. ५×७ वरून १०×१२ ला गेलं की उजेड बराच खाली येतो. तो हिशेबही यातच होऊन जातो.

२. गाल सोडून भलतीकडे मोजू नये. नवरदेवाचा काळा कोट निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक, मागचा पांढरा पडदा काळाकुट्ट. दोघांची सरासरी घेतली की चेहरा बिघडलाच. मात्र कपाशीत उन्हानं रापलेला चेहरा नवरीच्या शून्यावर आणला तर तो गोरापान निघतो. काही गिऱ्हाइकांना नेमकं तेच हवं असायचं, ती गोष्ट निराळी.

३. मोजताना लाल दिवा बंद. पेपरला तो दिसत नाही, पण कॅडमियम सल्फाइडच्या सेलला चांगला दिसतो. नुकताच पांढरा दिवा लावला असेल तर जरा थांबा. हा सेल झगझगीत उजेड पटकन विसरत नाही.

४. व्होल्टेजवर विश्वास नको. ते दहा टक्के उतरलं तर बल्बचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. तेवढं मीटर पकडतं. पण उजेड पिवळाही पडतो, आणि पेपर तर निळ्या उजेडावर चालतो. म्हणून काटा शून्यावर असूनही प्रिंट फिकी येते. शेतातले पंप सुरू व्हायच्या वेळी आमच्याकडे हे हटकून व्हायचं. मीटरच्या आधी स्टॅबिलायझर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. पेपरचं पाकीट बदललं की शून्य नव्यानं लावायचं, मग तो तेव्हाचा इंदू असो की आग्फा.

६. मे महिन्यात पारा ४५ कडे निघालेला, आणि डेव्हलपर हवा २० अंशांवर. गरम डेव्हलपरमध्ये प्रिंट भराभर चढते, लाल उजेडात आहे त्याहून काळी दिसते, आणि माणूस ती घाईनं हायपोत टाकतो. बाहेर उजेडात पाहावी तर राखाडी, डागाळलेली. तिथं मीटरचं काही चालत नाही. ट्रेखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवायची. बर्फ ट्रेत मात्र टाकायचा नाही, डेव्हलपर पातळ होतो.