शून्यातून एक गेला, उरले किती?

प्रश्न : मुलाच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकात शून्यातून एक वजा केल्यावर संगणकाने ४२९४९६७२९५ असे उत्तर दिले. सरांनी ‘बत्तीस बिटांची मर्यादा’ एवढेच सांगितले. या आकड्यात गणिताच्या दृष्टीने काही विशेष आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सरांचे बरोबर आहे. ऋण चिन्हाची सोयच नसलेली संख्या ३२ बिटांत ठेवली, की शून्याच्या मागे जायला वाट नसते. रिक्षाच्या जुन्या मीटरचे आकडे शून्यावरून मागे फिरवले तर सगळे नऊ यावेत, तसा इथे बत्तीसच्या बत्तीस खणांत १ येतो. म्हणजेच २ चा ३२ वा घात, उणे १. इथवरची गोष्ट संगणकाची. गंमत सुरू होते ती अवयव पाडायला बसल्यावर.

शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ५७, म्हणून ३ नेही. पुढचे अवयव मात्र चाचपडत शोधायला नकोत. शाळेतले (अ − ब)(अ + ब) = अ² − ब² हे सूत्र पुन्हा पुन्हा लावा. ४२९४९६७२९६ हा ६५५३६ चा वर्ग, ६५५३६ हा २५६ चा, २५६ हा १६ चा, १६ हा ४ चा, ४ हा २ चा. प्रत्येक पायरीला ‘अधिक एक’वाला एक अवयव सुटा होतो आणि हाती येते :

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

पाचही मूळ संख्या! ही माळ पुढेही मूळ संख्याच देत राहील, असे सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माला वाटले होते. पुढचा मणी आपल्या आकड्याहून फक्त दोनने मोठा, ४२९४९६७२९७. त्याला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. भागाकार ६७००४१७, हवे तर गुणून पाहा. फर्माच्या पद्धतीची सहावी मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही. ज्या सापडल्या त्या पाचांचा गुणाकार म्हणजे तुमच्या मुलाचे उत्तर.

याचा धागा भूमितीत जातो. सतरा बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने काढता येतो, हे १७९६ मध्ये गाउसने ओळखले. तेव्हा त्याला एकोणीस वर्षेही पूर्ण नव्हती. विषम बाजूंचे बहुभुज तेव्हाच जमतात, जेव्हा बाजूंची संख्या फर्माची एखादी मूळ संख्या किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते. दुसरे कुठलेही जमत नाहीत, हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. म्हणून १५ चालतात. ७ आणि ९ नाहीत. (योहान हर्मेस या जर्मन गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या रचनेवर दहा वर्षे घालवली. चिकाटीला दाद द्यावी, पण मुलाला हा आदर्श सांगू नये.)

पाचांतून निवड करण्याचे प्रकार ३१. त्या यादीत सर्वांत मोठा आपला ४२९४९६७२९५. एकेक बाजू मिलिमीटरची धरली तरी त्याची परिमिती सुमारे ४,२९५ किलोमीटर भरेल. उद्या सहावी मूळ संख्या सापडलीच, तर यादी ६३ वर जाईल आणि हा आकडा पहिल्या क्रमांकावरून थेट तेहतिसाव्यावर घसरेल.