एका लंगडीतली लिंबू-नारळाची कोंबडी : इस्रायलमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

थळ आणि त्याला लागून असलेले नवगाव ही अलिबागच्या उत्तरेची, समोर खांदेरी-उंदेरीचे किल्ले असलेली किनाऱ्यावरची गावे असून, फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरागत धारणा आहे. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा म्हणून जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा मराठीभाषक ज्यू समाज १९४८ नंतरच्या काही दशकांत मोठ्या संख्येने इस्रायलला गेला आणि दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बेरशेवा अशा शहरांत स्थिरावला. नवगावकर, किहीमकर, आवासकर, पेणकर ही रायगडातल्या गावांची आडनावे त्यांच्याबरोबर तिकडे गेली. अलीकडे वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी, शिक्षणासाठी किंवा तांत्रिक नोकरीसाठी इतर धर्मांचे मराठी लोकही तेथे जातात, आणि पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न बहुधा संध्याकाळच्या जेवणाचा असतो.

प्रस्तुत टिपणे तेथे स्थायिक झालेल्या काही घरांकडून मागवली असून, ज्याने जे लिहून दिले ते कमी-अधिक प्रमाणात तसेच ठेवले आहे. त्यामुळे एका पदार्थाविषयी येथे फार सविस्तर माहिती आहे आणि घरभाडे, शाळा, दवाखाना यांविषयी एक ओळही नाही. निवडलेला पदार्थ म्हणजे एकाच पसरट भांड्यात अर्ध्या-पाऊण तासात होणारी, लिंबाच्या आंबटपणाची आणि दाट पांढऱ्या रसाची कोंबडी. युरोप-अमेरिकेत ती दुधाच्या सायीत, म्हणजे क्रीममध्ये करतात. पण इस्रायलमधल्या बहुतेक ज्यू घरांत ती तशी करता येत नाही, आणि थळकडच्या स्वयंपाक्याला तशी करण्याची गरजही नाही, कारण मांस, नारळाचे दूध आणि आंबट यांची सांगड त्याच्या घरात आधीपासूनच आहे.

साय का चालत नाही, हे आधी नीट समजून घ्यावे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोराहमध्ये, म्हणजे ज्यू धर्माच्या मूळ पंचग्रंथात, तीनदा आली असून पुढच्या धर्मपंडितांनी तिचा अर्थ मांस आणि दूध एकत्र शिजवू वा खाऊ नये असा व्यापक केला आणि कोंबडीलाही तो लागू केला. या नियमांनुसार ग्राह्य ठरलेल्या अन्नाला ‘कोशर’ म्हणतात. त्यातून अन्नाचे तीन वर्ग पडतात : मांसाचे ते ‘बसरी’, दुधाचे ते ‘हलवी’ आणि या दोहोंत न मोडणारे, म्हणजे भाज्या, फळे, धान्य, तेल, अंडी, मासे, ते ‘परवे’. नारळाचे दूध नावाने दूध असले तरी परवे आहे, आणि बेने इस्रायल स्वयंपाकात गोड-तिखट दोन्हीकडे त्याला मानाचे स्थान आहे ते याचमुळे. रोश हशाना या ज्यू नववर्षाला होणारा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला असतो, म्हणून तो मांसाच्या जेवणानंतर खाता येतो. नियम पाळणाऱ्या घरात दोन्ही वर्गांची भांडी, सुऱ्या आणि पुष्कळदा मोऱ्याही वेगळ्या असतात. ज्या घरात आजी-आजोबांची काळजी घ्यायला माणूस राहणार आहे, तेथे कोणते भांडे कशाचे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण बसरी भांड्यात एकदा दूध तापवले की ते घासून ठेवल्याने प्रश्न मिटत नाही.

कृती अश्दोदच्या एका गृहिणीने पाठवली आहे, आणि सगळ्या टिपणांत तेवढीच एक मोजूनमापून लिहिलेली आहे. चार माणसांसाठी बिनहाडाच्या मांड्यांचे सुमारे ७०० ग्रॅम मांस घ्यावे. बाजारात ते ‘पर्गित’ या नावाने मिळते आणि छातीच्या मांसासारखे कोरडे पडत नाही. कोशर कोंबडी विकण्यापूर्वी रक्त निघून जावे म्हणून अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून धुतलेली असते, तेव्हा तिला नेहमीच्या हाताने मीठ लावले तर पदार्थ खारट होतो. रस तयार झाल्यावर चाखूनच मीठ घालावे. मांस कापडाने अगदी कोरडे टिपावे, त्याला चिमूटभर हळद आणि अर्धा चमचा मिरेपूड लावावी, लंगडीत, म्हणजे उथळ, रुंद बुडाच्या झाकणाच्या भांड्यात, दोन मोठे चमचे तेल चांगले तापवून तुकडे एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत आणि चार-पाच मिनिटे न हलवता एका बाजूने तांबूस होऊ द्यावेत. ओल्या मांसाला आधी पाणी सुटते, ते वाफेवर शिजते आणि भांड्याच्या तळाशी तांबूस खरपुडी धरत नाही. सगळी चव त्या खरपुडीत असते. दुसरी बाजूही तशीच परतून तुकडे ताटलीत काढून ठेवावेत.

त्याच तेलात दोन कांदे उभे पातळ चिरून पारदर्शक होईपर्यंत परतावेत. अलिबागचा पांढरा कांदा, जो कमी तिखट आणि गोडसर असून ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो येथे सर्वोत्तम ठरला असता, पण तो तिकडे मिळत नसल्याने साधा पांढरा किंवा पिवळा कांदा घ्यावा आणि तो लाल होऊ देऊ नये, नाहीतर रसाचा रंग जातो. कांद्यावर सहा-सात पाकळ्या लसूण, बोटभर आले आणि दोन हिरव्या मिरच्या यांचे जाडसर वाटण घालून मिनिटभर परतावे, एक छोटा चमचा तांदळाची पिठी भुरभुरावी आणि मग नारळाच्या दुधाचा ४०० मिलिलिटरचा डबा उघडावा.

डबा हलवून उघडू नये, हा या टिपणातला सर्वांत उपयोगी सल्ला म्हणावा लागेल. रायगडच्या घरात नारळ खवून, वाटून, पहिल्यांदा पिळलेले दाट दूध बाजूला ठेवतात, दुसऱ्या-तिसऱ्यांदा पिळलेल्या पातळ दुधात पदार्थ शिजवतात आणि दाट दूध शेवटी घालून भांडे उतरवतात, कारण दाट दूध खळखळ उकळले की फुटते आणि तेल वर येते. न हलवलेल्या डब्यात हीच विभागणी आपोआप झालेली असते : वर घट्ट थर, खाली पाणचट दूध. खालचे दूध आधी लंगडीत ओतून तळाची खरपुडी उलथन्याने सोडवावी, तुकडे ताटलीत सुटलेल्या रसासकट परत घालावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवावेत. मांसाच्या मधोमध तापमान ७४ अंश सेल्सिअसवर गेले की कोंबडी सुरक्षितपणे शिजली असे मानतात, आणि तापमापक नसेल तर तुकडा कापून आत गुलाबी राहिले नाही ना ते पाहावे. नंतर वरचा घट्ट थर घालून फक्त एक बारीक कढ येऊ द्यावा आणि आच बंद करावी. काही डब्यांत गवारीच्या बियांचा गोंद घातलेला असतो, त्यांतले दूध वेगळे होत नाही. ते सगळे एकदम, पण कांदा-वाटण थोडे निवल्यावर घालावे.

लिंबू आच बंद केल्यावरच. आंबट आणि उकळी एकत्र आली की रस फुटतो, शिवाय उकळलेल्या लिंबाचा ताजा वास राहत नाही आणि थोडा कडवटपणा येतो. तिकडचे पिवळे, जाड सालीचे लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा बरेच मोठे असून एका लिंबातून साधारण तीन मोठे चमचे रस निघतो, तेवढा पुरतो. त्याची साल मात्र टाकू नये. वरचा पिवळा भाग तेवढा बारीक किसून घालावा, खालचा पांढरा भाग कडू असतो. लिंबाचा पदार्थ बिडाच्या किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात केला तर आम्लामुळे धातूची चव उतरते, म्हणून पोलादी, मुलामा दिलेले किंवा न चिकटणारे भांडे घ्यावे. बरोबर मोकळा भात पुरे.

ज्यांच्यावर मांस-दुधाचे हे बंधन नाही अशा इतर देशांतल्या मराठी घरांसाठी एवढेच सांगणे पुरेसे आहे की साय घालायची असेल तर ३५ टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाची घ्यावी, कारण कमी स्निग्धांशाच्या सायीतली प्रथिने लिंबाने चटकन गोठतात. दही घालू नये.

दक्षिणेकडच्या एका शहरातून आलेले टिपण वेगळ्याच सुराचे आहे. घरून डबे पुरवण्याचा परवाना मिळवण्यासाठी त्या कुटुंबाला एका कार्यालयातून दुसऱ्यात, तेथून परत पहिल्यात असे झुलवले गेले, प्रत्येक खिडकीवर वेगळा कागद मागितला गेला, आणि शेवटी अडले ते कोथिंबिरीवर. पालेभाजीत लपलेला किडा खाणे निषिद्ध असल्याने कोशर नियमांवर देखरेख करणारा निरीक्षक, ज्याला ‘मशगिआह’ म्हणतात, हिरव्या पाल्याबाबत फार काटेकोर असतो. त्याने कोथिंबीर आणि कढीपत्ता दोन्ही नाकारले आणि कढीपत्त्याशिवाय भारतीय डबा कसा होईल, या प्रश्नाला उत्तर देण्याचे कष्टही घेतले नाहीत. टिपणकर्त्याने यावरून १९६१ ते १९६४ या काळाची आठवण काढली आहे, जेव्हा बेने इस्रायलांच्या विवाहांना मान्यता देताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असे मुख्य रब्बीपीठाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने, ठरवले होते आणि समाजाच्या दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता असल्याचे स्पष्ट केले. कोथिंबिरीची तुलना त्या अन्यायाशी करणे अतिशयोक्तीचे आहे, असे संकलकाचे मत आहे. तरी त्या टिपणातला व्यावहारिक भाग घेण्यासारखा आहे : डब्याचा धंदा करायचा असेल तर बंदिस्त शेतीत किडींपासून राखून वाढवलेली, तशी खूण असलेली पालेभाजी घ्यावी, प्रत्येक कागदाची पोच मागावी, आणि तोंडी होकारावर सामान भरू नये. घरच्या जेवणासाठी कोथिंबीर बराच वेळ पाण्यात बुडवून, पाने उजेडासमोर धरून पाहिली तर पुरते.

तिसरे टिपण दिमोनाच्या एका ज्येष्ठ गृहस्थांचे असून त्यात कृती जवळजवळ नाहीच. डब्यातले दूध वापरणे हा आळस आहे, विळीवर नारळ खवताना मुले आजीजवळ बसतात आणि मराठी त्यांच्या कानावर पडते, इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघते ते घरोघरी वाचले गेले पाहिजे, मलिदा, म्हणजे पोहे, खोबरे, साखर आणि फळांचा एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने केला जाणारा नैवेद्य, फक्त समारंभापुरता उरता कामा नये, असा त्याचा आशय आहे. नोकरीवरून सायंकाळी घरी येणाऱ्या माणसाला नारळ खवायला सांगणे अन्यायाचे आहे. मात्र जेवताना मराठीतच बोलावे, या त्यांच्या आग्रहाला काही खर्च लागत नाही आणि तो मानण्यासारखा आहे.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो आणि त्या काळात पाळणाऱ्या घरात विस्तव पेटवत नाहीत वा स्वयंपाक करत नाहीत. म्हणून ही कोंबडी शुक्रवारी करायची असेल तर दुपारीच उरकावी. शब्बाथसाठी अन्न गरम ठेवायची जी विजेची सपाट पाटी असते, तिच्यावर रात्रभर ठेवलेला नारळाचा रस आटून तेलकट होतो, तेव्हा शनिवारच्या जेवणासाठी हा बेत न केलेला बरा. जेवणानंतर आपल्याकडच्या सवयीने दुधाचा चहा पुढे करू नये. मांसानंतर दुधाचे काही घेण्यापूर्वी अनेक घरांत सहा तास थांबतात. लिंबाचा कोरा चहा चालतो.

मासळीविषयी कोणीही लिहून दिलेले नाही, आणि थळच्या माणसासाठी ही उणीव मोठी आहे. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या कोशर नियमांत बसत नाहीत, खवले आणि पर असलेले मासे चालतात, एवढेच येथे सांगता येते. ज्या घरांनी भूमध्य समुद्रातल्या कोणत्या माशाचे कालवण पापलेटाच्या जवळपास जाते हे करून पाहिले असेल, त्यांनी ते पुढच्या संकलनासाठी मापांसकट लिहून पाठवावे.