सहा जखमी की दहा?



आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात त्यालाच अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात 'हरिकेन' म्हणतात. नाव वेगळे, पण निसर्गाची यंत्रणा एकच. १ सप्टेंबर २०१९ रोजी 'डोरियन' नावाचे असे एक हरिकेन बहामा देशातील अबाको बेटांवर आदळले. त्यातील वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. त्यानंतर ते ग्रँड बहामा बेटावर गेले आणि जवळजवळ एक दिवसभर तेथेच रेंगाळले. समुद्राचे पाणी घरांत, रस्त्यांवर आणि विमानतळांवर शिरले. अबाकोवरील मार्श हार्बर या गावाची धावपट्टी पाण्याखाली गेली. फ्रीपोर्ट शहरातील मुख्य रुग्णालयातही पाणी घुसले. सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि कित्येकांचा तर पत्ताच लागला नाही.

बहामा हा शेकडो बेटांचा देश आहे. मोठे रुग्णालय राजधानी नसाऊ येथे, तर जखमी होते मार्श हार्बरला. मध्ये सुमारे १७० किलोमीटर समुद्र! वादळ अबाकोवरून पुढे सरकताच अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी मार्श हार्बरच्या दवाखान्यातील जखमींना नसाऊला नेण्यास सुरुवात केली. पाणी ओसरल्यावर लहान विमानेही येऊ लागली. पुढे फ्रीपोर्टला तर तंबूंचे एक संपूर्ण रुग्णालयच विमानाने नेण्यात आले.

अशा वेळी वैमानिकाच्या धैर्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण या कामात धैर्याइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. ती म्हणजे वेळीच 'नाही' म्हणण्याची. हे 'नाही' कोठून येते, ते आज आपण पाहू. त्यासाठी तुम्ही शाळेत शिकलेले न्यूटनचे नियम आणि गतीची समीकरणे पुरेशी आहेत.

एक काल्पनिक प्रसंग

समजा, अशाच एका लहान बेटावर तुम्ही विमान घेऊन उतरला आहात. औषधे, सलाइनच्या पिशव्या आणि बर्फाच्या पेटीतील लशी उतरवून झाल्या आहेत. धावपट्टीचा बराचसा भाग वाहून गेला असून ६०० मीटरच शिल्लक आहे. तोही चिखलाने माखलेला. पट्टीच्या टोकाला समुद्र. तुमच्याभोवती दहा जखमी वाट पाहत आहेत.

तुमचे विमान 'सेस्ना ग्रँड कॅराव्हॅन' जातीचे आहे. एका इंजिनाचे हे विमान दुर्गम भागात जगभर वापरतात. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २६ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल अनुज्ञेय वजन सुमारे ३,९७० किलोग्रॅम. विमान, परतीचे व राखीव इंधन, तुम्ही, एक परिचारिका आणि सहा जखमी मिळून ३,६०० किलोग्रॅम होतात असे समजू. राहिलेले चौघे, प्रत्येकी ९० किलोग्रॅम (स्ट्रेचरसकट), म्हणजे आणखी ३६० किलोग्रॅम. एकूण ३,९६०. कमाल मर्यादेच्या आत! विमानात जागाही आहे. मग दहाही जणांना घ्यायला काय हरकत आहे?

चला, गणित मांडू.

जमीन सोडण्याचा वेग

विमानाला वर उचलणारे बल हवेतून मिळते. ते असे लिहितात:

उत्थापक बल = ½ × हवेची घनता × (वेग)² × पंखांचे क्षेत्रफळ × पंखाचा गुणांक

हा गुणांक पंखाचा आकार व त्याचा कल यांवर अवलंबून असतो. उड्डाणाच्या वेळी तो १.६ धरू. उकाड्याच्या दिवशी समुद्रकिनारी हवेची घनता सुमारे १.१५ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. उत्थापक बल विमानाच्या वजनाइतके झाले की चाके जमीन सोडतात.

३,६०० किलोग्रॅमसाठी वजन = ३,६०० × ९.८ = ३५,२८० न्यूटन. वरील सूत्रातून वेगाचा वर्ग सुमारे १,४७५ येतो. म्हणजे वेग सेकंदाला ३८.४ मीटर, ताशी सुमारे १३८ किलोमीटर. ३,९६० किलोग्रॅमसाठी वेगाचा वर्ग १,६२२ आणि वेग सेकंदाला ४०.३ मीटर. फरक सेकंदाला दोन मीटरांहूनही कमी आहे. 'एवढ्याने काय होते?' असे तुम्ही म्हणाल. थांबा, गणित अजून संपलेले नाही.

किती धावावे लागेल?

स्थिर अवस्थेतून निघालेल्या वस्तूसाठी

अंतर = (वेग)² ÷ (२ × त्वरण)

हे समीकरण तुम्हांला ठाऊक आहे. कोरड्या, कठीण पट्टीवर विमानाला पुढे नेणारे निव्वळ बल ७,२०० न्यूटन आहे असे धरू. प्रत्यक्षात ते वेगाबरोबर बदलते, पण अंदाजासाठी स्थिर मानण्यास हरकत नाही. मग

सहा जखमी: त्वरण = ७,२०० ÷ ३,६०० = २; अंतर = १,४७५ ÷ ४ = सुमारे ३६९ मीटर.

दहा जखमी: त्वरण = ७,२०० ÷ ३,९६० = १.८२; अंतर = १,६२२ ÷ ३.६४ = सुमारे ४४६ मीटर.

वजन एक दशांशाने वाढले, पण धाव एक पंचमांशाने वाढली! असे का? कारण वजन दोनदा आडवे येते. एकदा ते जमीन सोडण्याचा वेग वाढवते आणि दुसऱ्यांदा त्वरण कमी करते. १.१ × १.१ = १.२१. तरीही ४४६ मीटर म्हणजे ६०० च्या आतच आहे. पण आपली पट्टी कोरडी कोठे आहे?

चिखलात चाके रुततात. त्यामुळे २,००० न्यूटन बल वाया जाते असे समजा. उरले ५,२०० न्यूटन. आता पुन्हा मांडा:

सहा जखमी: त्वरण १.४४, अंतर सुमारे ५११ मीटर.

दहा जखमी: त्वरण १.३१, अंतर सुमारे ६१८ मीटर.

पट्टी ६०० मीटर! दहा जणांना घेतले तर पट्टी संपेल तेव्हा चाके जमिनीवरच असतील आणि पुढे समुद्र असेल. त्या चौघांना वाचवण्याच्या नादात बाराही जणांचे प्राण जातील. कमाल वजनाचा जो आकडा पुस्तकात दिलेला असतो तो विमानाचा आहे. धावपट्टीचा हिशेब ज्याचा त्याने, त्या दिवशी, त्या जागी करायचा असतो.

मग चौघांचे काय?

वैमानिक त्यांना सोडून देत नाही. तो हिशेबातील एकेक राशी तपासतो. कोणती बदलता येईल?

पहिली राशी वजन. रिकामी खोकी, जादा आसने, नको ती अवजारे उतरवता येतात. इंधन मात्र विचारपूर्वकच कमी करावे लागते, कारण अशा बेटावर वीज नसते, पंप बंद असतात आणि परतीचे इंधन बरोबरच आणावे लागते.

दुसरी राशी हवेची घनता. हवा तापली की विरळ होते. शिवाय दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते! पाण्याच्या रेणूचा रेणुभार १८, तर हवेचा सरासरी २९. वाफ हवेत मिसळते तेव्हा जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. म्हणून भर दुपारपेक्षा पहाटेचे उड्डाण थोडे सोपे असते.

तिसरी राशी वारा, आणि येथे खरी गंमत आहे. पंखांना हवेच्या सापेक्ष वेग हवा असतो, जमिनीच्या सापेक्ष नव्हे. समोरून सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर विमानाला जमिनीवर ४०.३ ऐवजी ३५.३ एवढाच वेग गाठावा लागतो. अंतर = (३५.३)² ÷ २.६३ = सुमारे ४७५ मीटर. दहा जखमी घेऊनही! वेगाचा वर्ग होत असल्याने थोडासा वारा एवढा उपयोगी पडतो.

पण वारा मध्येच पडला तर? म्हणूनच प्रवासी विमानवाहतुकीच्या नियमांत समोरच्या वाऱ्याचा निम्माच भाग हिशेबात धरतात आणि पाठीमागच्या वाऱ्याचा मात्र दीडपट. जे उपकारक ते कमी धरावे, जे अपायकारक ते जास्त धरावे. परीक्षेच्या तयारीतही हा नियम वाईट नाही!

आकाशात गेल्यावर

विमान उडाले म्हणजे भौतिकशास्त्र संपले असे नाही. समजा, एका जखमीच्या छातीत, फुप्फुसाच्या बाहेर, थोडी हवा कोंडली आहे. बॉइलचा नियम आठवा: दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते. २,४०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. तेथे १०० घनसेंटिमीटर कोंडलेली हवा सुमारे १३४ घनसेंटिमीटर होऊन फुप्फुसाला दाबू लागते. ६०० मीटरवर ती १०७ च होते. लहान विमानात बंदिस्त दाबाची सोय नसते. म्हणून डॉक्टर सांगतात तेव्हा वैमानिक इंधन जास्त जळत असूनही समुद्रावरून खालूनच विमान नेतो.

तुम्ही ठरवा

आता पुढील उदाहरणे चिखलाच्या पट्टीवर, दहा जखमींसाठी सोडवा. त्वरण १.३१३ धरा.

१. पाठीमागून सेकंदाला ५ मीटर वारा असल्यास किती अंतर लागेल?

२. समोरून ५ मीटर वारा आहे, पण नियमाप्रमाणे निम्माच धरला तर किती अंतर लागेल?

(उत्तरे: १. सुमारे ७८१ मीटर, दीडपटीचा नियम न लावता. २. सुमारे ५४४ मीटर.)

दुसऱ्या उत्तरात पट्टीचे ५६ मीटर शिल्लक राहतात. चिखलाचे २,००० न्यूटन हा आपला केवळ अंदाज होता, हे विसरू नका. ते २,५०० निघाले तर? स्वतः मांडून पाहा आणि मग सांगा, तुम्ही दहा जणांना घ्याल, की सहा जणांना पोचवून तासा-दोन तासांनी चौघांसाठी परत याल?

चौघांना 'आम्ही परत येतो' एवढेच सांगून दार लावणे फार कठीण असते. पण ज्याने हिशेब केला आहे त्याचे ते शब्द खरे ठरतात, कारण परत येण्यासाठी विमान आणि वैमानिक दोघेही शिल्लक असतात.